कोणत्या वर्षाची गाडी

मारुती ८०० साधारण ३ मीटर ३३ सेंटिमीटर लांब असते. त्याला २४ ने भागले की १४ सेंटिमीटरला जेमतेम कमी भरते, म्हणजे आपल्या पोस्टकार्डाच्या लांबीएवढी. रुंदी ६ सेंटिमीटर. हा हिशेब मला पाठ होता, म्हणून घरमालकांनी विचारले तेव्हा मी लगेच उत्तर दिले.

घर चंडीगडच्या सेक्टर २२ मध्ये आहे. खाली मालक राहतात, वरच्या मजल्यावर मी भाड्याने. त्यांची सगळी नोकरी सरकारी कचेरीत नक्शानवीस म्हणून गेली. आता वय ऐंशीच्या पुढे आहे. त्यांची पांढरी मारुती गेल्या वर्षी भंगारात जायची ठरली, त्याच्या दोन दिवस आधी ते जिना चढून वर आले. खिडकीपाशी माझे टेबल आहे, त्यावर अर्धवट गाड्या, रंगाच्या बाटल्या आणि दात घासायचे जुने ब्रश असा कायमचा पसारा असतो. तो त्यांनी पूर्वीही पाहिला होता, पण कधी काही बोलले नव्हते. त्या दिवशी म्हणाले, ‘बेटा, इसकी एक छोटी बना दो.’ दाराशी जाऊन पुन्हा वळले. ‘स्केल क्या रखोगी?’ मी म्हटले, ‘एकास चोवीस, अंकलजी.’ त्यांनी मान हलवली. ‘हाफ इंच टू अ फुट. ठीक है. और साल?’

सालाचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

प्रश्न वरवर सोपा आहे. गाडी १९९३ ची. पण १९९३ मध्ये तिच्यावर काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांचा नंबर होता, शेवटी त्या जागी पांढऱ्यावर काळी, सरकारी ठशाची पाटी आली होती. मधल्या काळात तिची चाकाची झाकणे बदलली, एक आरसा गेला, बंपर एकदा रंगवला गेला, मागच्या डाव्या बाजूला पोचा पडला, छताचा पांढरा रंग उन्हाने खडूसारखा झाला. यातली नेमकी कोणती गाडी करायची? छोट्या गाड्या करण्याचा छंद ज्यांना नाही, त्यांना वाटते की यातला अवघड भाग म्हणजे बारीकपणा. बारीकपणा सरावाने येतो, नाही आला तर भिंग आणता येते. साल मात्र आधी ठरवावे लागते आणि ते भिंगातून दिसत नाही.

लहानपणी हा प्रश्न कधी पडला नव्हता. महाराष्ट्रात वाढलेल्या बहुतेकांनी आयुष्यातली पहिली प्रतिकृती दिवाळीच्या किल्ल्याच्या रूपात केलेली असते. विटा, दगड, वर ओले गोणपाट, त्यावर लाल मातीचा चिखल, उतारावर मोहरी किंवा अळीव पेरायचे आणि रोज पाणी शिंपडून हिरवळीची वाट बघायची. त्या किल्ल्याला ना प्रमाण होते, ना काळ. मावळा बुरुजाएवढा, वाघ हत्तीपेक्षा मोठा. वर महाराज सिंहासनावर आणि पायथ्याशी, आरशाच्या तुकड्याच्या तळ्याकाठी, कुणीतरी आणून ठेवलेली प्लास्टिकची अँबॅसेडर. ती मोटार तिथे कशी, असे कुणी विचारत नसे. गावातून गडावर यायचे तर गाडी हवीच.

प्रमाण शिरले ते रेल्वेच्या दारातून. लिव्हरपूलचे फ्रँक हॉर्नबी खेळण्यातल्या आगगाड्या करत. स्टेशनाच्या आवारात उभ्या करायला त्यांनी १९३३ च्या अखेरीस छोट्या मोटारी काढल्या आणि पुढच्या वर्षी त्यांना डिंकी हे नाव मिळाले. आगगाडीचे प्रमाण एका फुटाला ७ मिलिमीटर, म्हणजे साधारण १/४३. तेच मोटारींना चिकटले. पुढे आगगाडी बाजूला पडली तरी जगभरचे संग्राहक आजही १/४३ च्या गाड्या गोळा करतात, आणि हा विचित्र आकडा कुठून आला हे त्यांतल्या अनेकांना ठाऊक नसते. माझे १/२४ त्या मानाने सरळ आहे, फुटाला अर्धा इंच. सुताराच्या फूटपट्टीवर ते आधीच आखलेले असते. अमेरिकेने १/२५ धरले, कारण तिथे छोटी गाडी खेळण्याच्या दुकानातून नव्हे, मोटारीच्या दुकानातून घरी येई. १९४८ मध्ये सुरू झालेली एएमटी ही कंपनी विक्रेत्यांसाठी नव्या मॉडेलांच्या छोट्या प्रती करून देई. बापाने मोठी गाडी बघायची, पोराने छोटी खिशात घालायची. १९५८ पासून त्याच गाड्या सुट्या भागांत मिळू लागल्या, आणि एकाच डब्यातून तीन तऱ्हा जुळवता येऊ लागल्या: दुकानातली जशीच्या तशी, स्वतःच्या मनाप्रमाणे बदललेली, किंवा शर्यतीची.

जनरल मोटर्सशी जोडलेल्या फिशर बॉडी कंपनीची गंमत आणखी वेगळी. १९३० पासून १९६८ पर्यंत तिने शाळकरी मुलांसाठी एक स्पर्धा चालवली. सुरुवातीला मुलांनी नेपोलियनच्या काळातल्या घोडागाडीची प्रतिकृती करायची असे. घोडागाडी हे त्या कंपनीचे बोधचिन्ह होते. चाकांच्या आऱ्यांपासून आतल्या गादीपर्यंत सगळे हाताने. पुढे स्वतःच्या कल्पनेतली मोटार करायला सांगू लागले. बक्षिसात कॉलेजच्या शिष्यवृत्त्या असत, आणि त्या स्पर्धेतून आलेली काही मुले मोठेपणी खरोखर मोटारींच्या रेखाटन विभागात गेली. म्हणजे एकाच स्पर्धेत दोन काळ होते. घोडागाडी करणारा मुलगा भूतकाळ मोजत होता, मोटार करणारा अजून न आलेल्या वर्षाची गाडी करत होता. मोटारीचे कारखाने आजही तेच करतात. गाडी पत्र्यात येण्याआधी चिकणमातीत येते, पुष्कळदा आधी छोटी आणि मग पूर्ण आकाराची. किल्ल्याच्या चिखलात हात घातलेल्यांना त्यात नवल वाटू नये.

आपल्याकडे मात्र काळाचा घोटाळा झाला, आणि तो आधी मोठ्या गाड्यांत झाला. उत्तरपाड्याची अँबॅसेडर ही इंग्लंडमधली मॉरिस ऑक्सफर्ड, तिसरी आवृत्ती. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ती इकडे आली आणि २०१४ पर्यंत बनत राहिली. तिकडे तिचा जन्म आणि मृत्यू होऊन ती संग्रहालयात गेली, इकडे ती मंत्र्यांना घेऊन फिरत होती. मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने फियाट ११०० घेतली. १९७० च्या दशकात तिचे नाव पद्मिनी झाले, आणि तिचा शेवटचा काळा-पिवळा अवतार मुंबईच्या रस्त्यावरून ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरला. छोट्या गाड्यांचे नेमके हेच झाले. लिव्हरपूलच्या डिंकीचे वापरून झालेले साचे १९६० च्या दशकाच्या अखेरीस कलकत्त्याला आले आणि तिथे त्यांतून ‘निकी’ नावाच्या गाड्या ओतल्या गेल्या. मिल्टन, मॅक्सवेल ही नावेही कलकत्त्याचीच. निकीच्या गाड्यांचा रंग जाड, चाके थोडी तिरकी, धातूवर ओतकामाचे व्रण. परदेशी संग्राहक आज त्या हौसेने शोधतात आणि त्यांच्या ओबडधोबडपणावर हसतातही. मला त्यांत हसण्यासारखे दिसत नाही. मोठ्या गाडीचे साचे जुने, छोट्या गाडीचे साचे जुने, दोन्हीवर रंगाचा नवा हात. देशाची इतकी प्रामाणिक प्रतिकृती ठरवून केली असती तर जमली नसती.

पुढे मुंबईच्या ब्लो प्लास्टची लिओ खेळणी आली, मग लिओ-मॅटेलच्या हॉट व्हील्स आल्या. दिल्लीच्या सेंटीच्या मागे ओढून सोडायच्या प्लास्टिक गाड्या आल्या आणि आपल्या रस्त्यावरच्या गाड्या पहिल्यांदाच फुटपाथवर विकायला दिसू लागल्या. पण त्या तयार गाड्या. सुटे भाग जोडून, घासून, रंगवून करायच्या गाड्यांचा डबा म्हणजे बराच काळ परदेशातून येणाऱ्या काकाच्या बॅगेतली वस्तू होती, आणि त्या डब्यात आपली गाडी नसे. फेरारी असे, पोर्श असे. मी जोडलेली पहिली गाडी पोर्श होती. खरी पोर्श मी तोवर पाहिलेली नव्हती, त्यामुळे चुकली कुठे हेही मला कळले नाही. ज्या गाडीत बसून उलटी केलेली आहे, जिच्या दरवाजाची काच वर करताना मनगट दुखलेले आहे, ती गाडी करताना चूक लगेच दिसते.

मारुतीचा डबा मला कुठे मिळाला नाही. म्हणून ती शून्यातून करायची ठरली. भंगारवाला येण्याआधीचे दोन दिवस मी टेप घेऊन गल्लीत होते. अंकलजी वही घेऊन खुर्चीवर बसले होते आणि मी सांगितलेले आकडे लिहून घेत होते. एका आकड्यावर त्यांनी पेन थांबवले. ‘दोबारा नापो.’ त्यांचे बरोबर होते, माझी टेप बंपरच्या वळणावर वाकली होती.

हे मोजमाप चालू असताना ते एक गोष्ट म्हणाले, आणि ती मला वाटते तितकी साधी नाही. त्यांच्या तरुणपणी त्यांनी इमारतींची जी मॉडेले पाहिली, त्यांतही गाड्या असत. नखाएवढे लाकडाचे तुकडे, कडा घासलेले. चाके नाहीत, काचा नाहीत. त्यांच्याकडे कुणी पाहत नसे, कारण त्या गाड्या दाखवण्यासाठी नसतच. इमारत किती मोठी आहे ते डोळ्याला कळावे म्हणून त्या ठेवायच्या. ‘गाड़ी तो पैमाना थी,’ ते म्हणाले. माझ्या टेबलावर याच्या उलट आहे. तिथे गाडी आहे आणि घर नाही.

ज्या गल्लीत आम्ही हे बोलत होतो ती गल्लीही आधी कागदावर आणि लाकडात झालेली आहे. फाळणीनंतर लाहोर गेले, पंजाबला राजधानी हवी होती. १९५१ मध्ये ल कॉर्बुझिए आणि त्यांचे चुलतभाऊ पिएर जानरे, इंग्लंडहून मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू असे चौघे इथे आले. सेक्टर २२ हा वसवलेला पहिला सेक्टर. इथली घरे प्रामुख्याने ड्रू, फ्राय आणि जानरे यांनी रेखाटली, आणि किरण सिनेमा फ्राय यांचा. त्यांच्याबरोबर काम केलेल्या भारतीय वास्तुविशारदांच्या यादीत ए. आर. प्रभावळकर आणि जे. एस. देठे ही नावे आहेत. शास्त्री मार्केटच्या गर्दीतून जाताना ही आडनावे आठवली की मला उगीचच ओळखीचे कुणी भेटल्यासारखे होते. त्या कार्यालयात मॉडेल करणारे कारागीरही होते. ग्यानी रतन सिंग हे त्यांतले आज नावाने ओळखले जाणारे. त्यांच्या हातची लाकडी कामे परदेशी संग्रहांत जपली गेली आहेत.

या शहरात मॉडेलाचा आणि वस्तूचा क्रम नेहमीच घसरत आला आहे. राज्यपालांच्या निवासाचे मॉडेल झाले, निवास झाला नाही. ‘खुला हात’ हे आज शहराचे चिन्ह आहे, सरकारी कागदावर आणि फाटकांवर सगळीकडे दिसते. पण तो वाऱ्यावर फिरणारा धातूचा हात प्रत्यक्ष उभा राहिला १९८५ मध्ये, ल कॉर्बुझिए वारल्यानंतर वीस वर्षांनी. तोवर तो चित्रांत आणि हातात मावणाऱ्या मॉडेलांतच होता. वास्तुकाराचे मॉडेल हे वचन असते. पाळले जाईल किंवा जाणार नाही, पण त्याचा काळ पुढचा. माझ्यासारखीचे मॉडेल ही पावती असते.

आणि मग ती गाडी, जी या दोन्हीत बसत नाही. ल कॉर्बुझिए यांचे मोटारींवर प्रेम होते. १९२३ मध्ये निघालेल्या त्यांच्या पुस्तकात ग्रीक देवळांच्या चित्रांखाली मोटारींची चित्रे आहेत, पार्थेनॉनखाली १९२१ ची दलाज. आपल्या घरांचे फोटो काढताना ते स्वतःची व्हॉयझां गाडी समोर उभी करत. १९३६ मध्ये फ्रान्समधल्या मोटार अभियंत्यांच्या संस्थेने लहान, स्वस्त गाडीसाठी स्पर्धा लावली, तेव्हा ल कॉर्बुझिए आणि पिएर जानरे यांनी मिळून एक आराखडा पाठवला. नाव ‘किमान गाडी’. इंजिन मागे, पुढे शेजारी शेजारी तिघे, मागे आडवा बसलेला चौथा. बाजू सपाट, पाठ एका कमानीत उतरलेली. बक्षीस मिळाले नाही, कुणी बनवलीही नाही. पुढे ल कॉर्बुझिए सांगू लागले की ती १९२८ ची कल्पना आहे. आठ वर्षे मागे नेली की ती फोक्सवॅगनच्या आधीची ठरते. स्पॅनिश वास्तुविशारद अँतोनियो अमादो यांनी २०११ मध्ये या गाडीवर पुस्तकच लिहिले आणि रेखाटने तपासून साल १९३६ वरच आणून ठेवले. दरम्यान, ल कॉर्बुझिए यांच्या जन्मशताब्दीला, १९८७ मध्ये, इटलीचे प्रसिद्ध मोटार रेखाटनकार जॉर्जेतो जुजारो यांनी तिची पूर्ण आकाराची लाकडी प्रतिकृती करवली होती. मूळ वस्तू नाही, प्रतिकृती आहे, आणि जनकाने सांगितलेले साल खोटे आहे.

हे अंकलजींना सांगितले तेव्हा ते खूप हसले. ‘रिवीज़न की तारीख बदल दी!’ नक्शाच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते. तिच्यात रेखाटनाची तारीख, आणि नंतर काही बदलले तर अ, ब, क करत प्रत्येक बदलाची तारीख. जुनी तारीख खोडायची नाही, तिच्यावर नवी लिहायची. त्यांच्या मते मोठ्या माणसाने चूक केली ती एवढीच, की चौकट भरली नाही.

काम दिवाळीनंतर सुरू झाले. शिवणीच्या लाकडाचा ठोकळा कोरून गाडीचा गाभा केला. स्वयंपाकघरातल्या ग्रिलखाली प्लास्टिकची पातळ शीट मऊ करून, व्हॅक्यूम क्लीनर लावलेल्या पेटीवर त्या ठोकळ्यावरून ओढली. पहिल्या तीन वितळल्या. चौथी बसली. खिडक्या कापल्या, दरवाजांच्या फटी सुईने कोरल्या. खऱ्या मारुतीच्या दरवाजाभोवतीची फट साधारण ४ मिलिमीटर असेल तर माझ्याकडे ती मिलिमीटरच्या सहाव्या हिश्शाएवढी. पुट्टी, चारशे नंबरचा वॉटर पेपर, पुन्हा पुट्टी, आठशे, बाराशे. इथे सांगण्यासारखे फारसे नाही. हात दुखतात आणि घरभर पांढरी धूळ होते.

सांगण्यासारखा भाग रंगाचा आहे. मोटारीचा रंग ही स्वतःच एक गोष्ट आहे. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत गाडी रंगवायला आठवडे लागत, कारण तेलरंगाचा प्रत्येक थर वाळायची वाट बघावी लागे. ड्युपाँ कंपनीने नायट्रोसेल्युलोजचा लॅकर आणला आणि हे काम दिवसांवर आले. त्याचे नाव ड्युको. आपल्याकडे कंपनी विसरली गेली आणि नाव राहिले: लोखंडी कपाटालाही आपण ड्युको मारतो. मी मनीमाजऱ्याच्या मोटर मार्केटमधून मारुतीचा नेमका तोच पांढरा मिसळून आणला. दुकानदाराने यंत्रावर मोजून दिला, एक थेंब इकडे तिकडे नाही. घरी एअरब्रशने मारला आणि गाडी खोटी दिसली. प्लास्टिकच्या साबणदाणीसारखी.

कारण माहीत असूनही दर वेळी मी फसते. खऱ्या गाडीवर प्रायमरपासून वरच्या चकाकीपर्यंत सगळे थर मिळून साधारण १०० मायक्रॉन भरतात. २४ ने भागले तर माझ्या गाडीवर ४ मायक्रॉनचा थर हवा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन असतो, आणि कितीही हलका हात ठेवला तरी माझा थर त्याच्या आसपास जातो. म्हणजे खऱ्या गाडीवर दीड-दोन मिलिमीटर जाड रंग थापल्यासारखे. कडा बुजतात, फटी भरतात. दुसरे, खरी गाडी आपण चार-पाच पावलांवरून बघतो आणि मध्ये हवा असते, धूळ असते, आभाळाचा उजेड असतो. छोटी गाडी हातात धरून बघतो. तोच रंग हातातल्या वस्तूवर फार ठळक दिसतो. म्हणून पांढऱ्यात राखाडीचा एक थेंब घालावा लागतो, काळा कधीच पूर्ण काळा ठेवायचा नसतो. चमचमणाऱ्या रंगांचे तर विचारूच नका, त्यांतला धातूचा कण छोट्या गाडीवर बोराएवढा वाटतो. शुद्धीवाद्यांना हे पटत नाही. त्यांच्या मते कंपनीच्या यादीतला रंग म्हणजे सत्य. माझ्या मते तो कागदपत्र आहे. कागदपत्र लागतेच, पण तेच गाडीवर चिकटवून चालत नाही.

मी तो रंग थिनरने उतरवला आणि सालाचा प्रश्न पुन्हा समोर आला. कारण राखाडीचा थेंब किती हे गाडी किती जुनी यावर होते. नवी असेल तर थंड, निळसर पांढरा. शेवटच्या दिवसाची असेल तर थोडा गेरू, छतावर चमक अजिबात नाही, दाराच्या खालच्या कडेला गंज. या छंदात जुनेपणा रंगवणे ही वेगळी विद्या आहे आणि तिचा मोह वाईट असतो. एकदा गंज जमायला लागला की माणूस जिथे तिथे गंज लावतो. मी पाहिलेल्या प्रदर्शनांतल्या निम्म्या जुन्या गाड्या जुन्या वाटत नाहीत, आजारी वाटतात.

मी खाली गेले आणि सांगितले, आता साल सांगा. मला वाटले होते १९९३ म्हणतील. नव्या गाडीबरोबर काढलेला त्यांचा आणि आंटीजींचा एक फोटो बैठकीत आहे, मागे घराची उघड्या विटांची भिंत आणि जाळी. आंटीजी आता नाहीत. गाडी चालवायला त्या याच गाडीवर शिकल्या आणि मागचा डावा पोचा त्यांचा आहे, हे मला त्या दिवशी कळले. फाटकाच्या खांबावर, उलट घेताना. तो दुरुस्त न करण्याचा निर्णय कुणाचा, हे त्यांनी सांगितले नाही. मी विचारले नाही.

त्यांनी वही ओढली, पेन्सिलने गाडीचा वरून दिसणारा आकार काढला आणि मधोमध एक रेघ मारली. लांब तुकडा, छोटा तुकडा, लांब तुकडा. नक्शात मध्यरेषा अशीच काढतात. ‘हाफ एलिवेशन, हाफ सेक्शन,’ ते म्हणाले. कारखान्याच्या रेखाटनात वस्तू दोन्ही बाजूंनी सारखी असेल तर अर्धी बाहेरून दाखवतात आणि अर्धी कापून आतून. कागद वाचतो. ‘दाएँ तिरानवे, बाएँ आख़िरी दिन.’

मला ते आधी पटले नाही. एका वस्तूवर दोन तारखा म्हणजे प्रदर्शनातली चलाखी, असे मी म्हणाले. त्यांनी वहीतल्या रेघेवर बोट ठेवले आणि म्हणाले की गाडी दोन्ही बाजूंनी सारखी कधी होती? ड्रायव्हरची बाजू ते बघत, डावी बाजू आंटीजी. आणि ऊनही एकाच बाजूने लागे, कारण गल्लीत ती रोज त्याच दिशेला तोंड करून उभी असे. खाली जाऊन मी ते पाहिले. गाडी नव्हती, पण भिंतीवरची उन्हाची रेघ होती.

त्या भिंतीचा तुकडाही आता करायला घेतला आहे. आपली वीट ९ इंच बाय साडेचार बाय ३. चोवीसावा हिस्सा म्हणजे लांबी साडेनऊ मिलिमीटर, उंची ३ पेक्षा थोडी जास्त. शाडूच्या मातीच्या पट्ट्या कापून वाळवल्या, गेरूत बुडवल्या. पहिल्या घरांच्या वेळी या गल्लीत गाड्या नव्हत्याच, सायकली होत्या; ज्या कारकुनांसाठी आणि शिपायांसाठी यातली घरे आखली त्यांच्याकडे मोटार येईल असे कुणी धरले नव्हते. आज सकाळी नऊ वाजता गल्लीतून पायी बाहेर पडायचे तर दोन गाड्यांच्या आरशांमधून अंग चोरून जावे लागते. नक्शावरचे लाकडी तुकडे जागे होऊन घरांएवढे झाले आहेत. भिंत मात्र मी एकाच सालाची करते आहे. दोन तारखांची भिंत अंकलजींनाही नको आहे.

मास्किंग टेप बॉनेटवरून, काचेवरून, छताच्या बरोबर मधून मागच्या दारापर्यंत गेली. उजवी बाजू आधी रंगवली, चार दिवस वाळू दिली, मग डावी. पोचा आधीच ठोकळ्यात कोरून ठेवला होता, त्यामुळे तो रंगाचा नाही, आकाराचा झाला. टेप काढली तेव्हा रेघ अपेक्षेपेक्षा मऊ दिसली. पांढरा आणि त्याच्या शेजारी तीस वर्षांनी जुना झालेला पांढरा, दिव्याखाली धरले तरच फरक कळतो, खिडकीपाशी नाही.

पुढची नंबरपाटी अडली आहे. मध्यरेषा तिच्यावरून जाते. अर्धी काळी आणि अर्धी पांढरी केली तर अक्षरे वाचता येत नाहीत, आणि एकच केली तर कुठलेतरी एक साल जिंकते. मी दोन्ही पाट्या करून ठेवल्या आहेत, दोन सेंटिमीटर लांबीच्या. गाडी खाली बैठकीत, फोटोशेजारी आहे. काल अंकलजींनी काळी पाटी चिमट्यात धरून बराच वेळ पाहिली आणि पुन्हा डबीत ठेवली.